प्रोटेस्ट कसा टाकायचा: हौशी मोटार शर्यतीतली तपासणी, कलमं आणि हातातली तीस मिनिटं

शर्यत संपली की पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या आणि टीम थांबतात त्या आवारात, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "त्याच्या गाडीत काहीतरी आहे." चहा पिताना ते बोललं जातं, परतीच्या वाटेवर घाटात बोललं जातं, पुढचा आठवडाभर गॅरेजात चघळलं जातं. लेखी मात्र कुणी देत नाही. गोव्यात तर अजिबातच नाही, कारण इथलं शर्यतीचं जग लहान. सगळे एकमेकांना नावानिशी ओळखतात, दोन प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या कधी कधी एकाच मिस्त्रीच्या हातच्या असतात, आणि प्रोटेस्ट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याविरुद्ध लेखी तक्रार, टाकला म्हणजे जन्माचं वैर घेतलं अशी समजूत पक्की आहे. मग जे कागदावर यायला हवं होतं ते पुढच्या शर्यतीत पहिल्याच वळणावर, दारावर दार आपटून बाहेर येतं.

खरं तर प्रोटेस्ट ही नियमावलीनेच स्पर्धकाला दिलेली सोय आहे आणि ती वापरण्यात कमीपणा काहीच नाही. पण तिची वाट अरुंद आहे: एक तक्रारदार, एक प्रतिस्पर्धी, नेमकं कलम, आणि बहुतेक वेळा जेमतेम अर्धा तास. बरेच प्रोटेस्ट आरोप खोटा म्हणून पडत नाहीत. ते पडतात कारण कागद उशिरा गेला, चुकीच्या माणसाने सही केली किंवा आरोप मोघम होता. गोव्यातला हौशी ड्रायव्हर हडफड्याच्या किंवा नुव्याच्या कार्टिंग ट्रॅकवर सुरुवात करतो, मग ऑटोक्रॉसला, म्हणजे मातीत शंकूंनी आखलेल्या वाटेवर घड्याळाशी चालणाऱ्या शर्यतीला, उतरतो. राज्यात पक्का रेसिंग सर्किट नाही, त्यामुळे पुढे जायचं तर कोइंबतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक गाठावा लागतो. इतक्या लांब जाऊन, एवढा पैसा ओतून, हक्क मात्र माहीत नसल्यामुळे सोडून यायचा हे फार वाईट.

कुठला नियम कुठे सापडतो

सगळ्यात वर एफआयए या जागतिक महासंघाची इंटरनॅशनल स्पोर्टिंग कोड ही क्रीडा संहिता. तिच्याखाली फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआयचे सर्वसाधारण नियम. त्याखाली त्या मालिकेचे क्रीडा आणि तांत्रिक नियम. सगळ्यात खाली त्या एका स्पर्धेची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, जिला पॅडॉकमध्ये सगळे नुसतं एसआर म्हणतात. वेळापत्रक, नोटीस बोर्डाची जागा, प्रोटेस्टची अनामत, शंकू पाडल्याची शिक्षा, स्ट्युअर्ड्सची (निवाडा देणाऱ्या पंचांची) नावं अशा गोष्टी एसआरमध्ये बघायच्या. दुचाकींच्या शर्यती एफआयएम या त्यांच्या वेगळ्या जागतिक महासंघाच्या नियमांखाली येतात. तिथला सांगाडा असाच आहे, पण मुदती आणि फी वेगळ्या असू शकतात, म्हणून बाइकवाल्यांनी इथले आकडे तसेच्या तसे उचलू नयेत.

स्पर्धा सुरू झाल्यावर यात बुलेटिनांची भर पडते. क्रमांक, तारीख, वेळ आणि सही असलेलं बुलेटिन एसआरइतकंच बंधनकारक असतं. शनिवारी रात्री आठला लागलेलं बुलेटिन रविवारी सकाळी न वाचता ग्रिडवर (शर्यत सुटते त्या रांगेत) जाणारे ड्रायव्हर प्रत्येक स्पर्धेत भेटतात, आणि "आम्हाला कुणी सांगितलं नाही" हा बचाव कुठेच चालत नाही.

तांत्रिक नियम वाचताना एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवायची. स्टॉक किंवा जवळपास स्टॉक गाड्यांच्या क्लासमध्ये बहुधा असंच लिहिलेलं असतं की ज्या बदलाला स्पष्ट परवानगी नाही तो बदल निषिद्ध. "नियमात नाही म्हटलेलं नाही" हा युक्तिवाद तिथे संपतो.

गोव्यातल्या मैदानांवर आणि सड्यांवर लाल धुरळा उडवत होणाऱ्या काही स्पर्धांना फेडरेशनची परवानगी नसते. तिथे स्ट्युअर्ड नसतात, म्हणजे दाद मागायला जागाच नसते. शिवाय मान्यता नसलेल्या स्पर्धेत उतरल्यामुळे परवानाधारकावर कारवाई होऊ शकते. एंट्री भरण्याआधी परमिट क्रमांक विचारा.

कोण बघतो, कोण मोजतो, कोण निवाडा देतो

ट्रॅकच्या कडेला उभा असलेला मार्शल बघतो आणि लिहून कळवतो. गाड्या तपासणारा स्क्रूटिनियर मोजतो आणि अहवाल देतो. शिक्षा ठरवणं त्याच्या हातात नसतं. क्लार्क ऑफ द कोर्स स्पर्धा चालवतो. निवाडा स्ट्युअर्ड्सचा, आणि ते आयोजकांपासून स्वतंत्र असतात. म्हणून स्क्रूटिनियरशी हुज्जत घालून काहीच साधत नाही. त्याने घेतलेलं माप चुकलं असं वाटत असेल तर त्याच्यासमोरच पुन्हा मोजायची विनंती करायची, आकडा लिहून घ्यायचा, आणि बाकीचं बोलणं स्ट्युअर्ड्सपुढे.

यांच्याशिवाय एक वेगळी जात आहे, जजेस ऑफ फॅक्ट. सुरुवातीच्या रेषेवर गाडी आधी हलली का, शेवटच्या रेषेवर कोण आधी पोचलं, शंकू पडला का, अशा एकेका वस्तुस्थितीवर निर्णय द्यायला नेमलेली माणसं. त्यांच्या निर्णयाविरुद्ध प्रोटेस्ट स्वीकारलाच जात नाही. स्ट्युअर्ड्स उघड दिसणारी चूक स्वतःहून दुरुस्त करू शकतात, पण तुमचा कागद आणि अनामत तिथे फुकट जाते. जंप स्टार्टचा दंड बसला म्हणून तावातावाने अर्ज लिहायला बसण्याआधी एसआरमध्ये त्या जजचं नाव आहे का ते बघा.

नियम लागू होण्यासाठी कुणी तक्रार करावीच लागते असंही नाही. २८ जुलै २०२४ रोजी बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर जॉर्ज रसेल फॉर्म्युला वनची शर्यत जिंकला. गाडीचं वजन बरोबर ७९८ किलो भरलं, म्हणजे किमान मर्यादेइतकं. मग टाकीतलं इंधन काढून पुन्हा काट्यावर चढवली तेव्हा ७९६.५ किलो. दीड किलोपायी विजय गेला, आणि तो कुणाच्या प्रोटेस्टमुळे गेला नव्हता. तपासणी अहवाल थेट स्ट्युअर्ड्सकडे गेला होता.

क्लबच्या शर्यतीतही वजन हा विषय असाच चालतो. नियमातलं किमान वजन ड्रायव्हरसह आहे की त्याच्याशिवाय, इंधनासह की इंधन काढून, हे शब्द न् शब्द वाचा. घरच्या किंवा गॅरेजच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. निवाडा स्पर्धेच्या काट्यावर होतो, म्हणून शुक्रवारी किंवा शनिवारी त्याच काट्यावर गाडी चढवून बघा. चार पॅडचा काटा असेल आणि खालची फरशी सपाट नसेल तर चाकागणिक आकडे फिरतात. मार्चच्या उन्हात सूट घालून बसलेला ड्रायव्हरच घामाने किलोभर हलका होतो. पाच किलोची शिल्लक ठेवणं शहाणपणाचं, आणि त्यासाठी लावलेलं बॅलास्ट (जादा वजन) बोल्टने आवळलेलं आणि सील केलेलं हवं. सीटमागे ठेवलेली वाळूची पिशवी आधी सुरक्षेच्या तपासणीतच बाद होते.

शर्यतीनंतर गाड्या पार्क फेर्मेमध्ये, म्हणजे कुणीही हात लावायचा नाही अशा राखीव जागेत, उभ्या राहतात. तिथे बॉनेट उघडणं, टायरची हवा कमी-जास्त करणं, बाटलीभर पाणी ओतणं, काहीही चालत नाही. मदतीला धावणारा हौशी मेकॅनिक इथे ड्रायव्हरचा निकाल घालवतो. हवा तपासायला त्याने गेज लावलं तरी तो हस्तक्षेप धरला जाऊ शकतो. गाडी उभी करायची, हेल्मेट काढायचं, बाहेर पडायचं.

प्रोटेस्टचे तीन वेगवेगळे घड्याळकाटे

"निकाल लागल्यावर ३० मिनिटं" हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण ती मुदत सगळ्या आरोपांना लागू होत नाही, आणि सगळ्यात मोठी फसगत इथे होते.

एखाद्याच्या प्रवेशालाच हरकत असेल, म्हणजे नोव्हिस (नवशिक्यांच्या) क्लासमध्ये उतरलेला माणूस नियमानुसार नोव्हिस नाही असं तुमचं म्हणणं असेल, तर संहितेप्रमाणे तो प्रोटेस्ट गाड्यांची शर्यतीआधीची स्क्रूटिनी (तपासणी) संपल्यापासून २ तासांच्या आत द्यावा लागतो. ट्रॅकच्या लांबीवरच्या हरकतीलाही हीच मुदत. रविवारी संध्याकाळी तो ट्रॉफी घेऊन उभा राहिल्यावर तुम्हाला आठवलं तर उपयोग नाही. शनिवारी दुपारीच ते दार बंद झालेलं असतं. हीट (प्राथमिक फेऱ्यांचे गट) कशा पाडल्या किंवा हँडिकॅप (बरोबरीसाठीची सूट) कसा दिला यावरची हरकत शर्यत सुरू व्हायच्या किमान १ तास आधी. आणि शर्यतीदरम्यान घडलेला नियमभंग, गाडी नियमात नसणं किंवा निकालाचा क्रम या तिघांसाठी तात्पुरता निकाल प्रसिद्ध झाल्यापासून ३० मिनिटं. एसआरमध्ये वेगळी मुदत दिली असेल तर ती पाळायची.

हे घड्याळ निकालपत्रावर छापलेल्या किंवा हाताने लिहिलेल्या वेळेपासून सुरू होतं. अधिकृत नोटीस बोर्डावरचा कागद धरायचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी टाकलेला फोटो नव्हे. एसआरने डिजिटल बोर्ड अधिकृत केला असेल तरच फोनवरचं चालतं. बोर्डावरच्या निकालाचा, वेळ दिसेल असा फोटो काढणं हे पहिलं काम.

कागदावर काय लिहायचं

प्रोटेस्टचा हक्क स्पर्धकाचा, आणि स्पर्धक म्हणजे ज्याच्या नावावर एंट्री आहे तो. हौशी शर्यतीत बहुधा ड्रायव्हर स्वतःच स्पर्धक असतो, त्यामुळे हा फरक लक्षातच येत नाही. पण एंट्री गॅरेजच्या किंवा टीमच्या नावाने भरलेली असेल आणि टीमचा मालक मडगावात घरी बसलेला असेल, तर ड्रायव्हरची सही चालेलच असं नाही. एंट्री भरतानाच ड्रायव्हरला टीमतर्फे सही करायचा लेखी अधिकार द्या, आणि ते पत्र परवान्यासोबत फाइलमध्ये ठेवा.

एका कागदात एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आरोप. तिघांनी पिवळ्या झेंड्याखाली ओव्हरटेक केलं असेल तर तीन वेगळे प्रोटेस्ट आणि तीन अनामती. उलट बाजूनेही तसंच: चौघांनी मिळून सह्या केलेला एक अर्ज स्वीकारला जात नाही. "आम्ही सगळ्यांनी मिळून दिलाय" यामुळे वजन वाढत नाही, अर्जच बाद होतो.

मजकूर साधा हवा. साधारण असा:

"प्रति, अध्यक्ष, स्ट्युअर्ड्स मंडळ. मी, गाडी क्रमांक ११ चा स्पर्धक, परवाना क्रमांक अमुक, गाडी क्रमांक २७ च्या स्पर्धकाविरुद्ध प्रोटेस्ट दाखल करतो. शर्यत क्रमांक २, तात्पुरता निकाल प्रसिद्ध झाल्याची वेळ १६:१०. या मालिकेच्या तांत्रिक नियमांतील कलम अमुकनुसार इंजिनाची एकूण क्षमता १३०० सीसीपेक्षा जास्त असू नये. गाडी क्रमांक २७ च्या इंजिनाची क्षमता या मर्यादेपेक्षा जास्त आहे असा माझा आरोप आहे. सिलिंडर हेड काढून चारही सिलिंडरचे बोअर आणि स्ट्रोक मोजावेत अशी विनंती. अनामत रक्कम सोबत जोडली आहे. सही, १६:२८."

नियमावली इंग्रजीत असते, म्हणून प्रत्यक्ष कागदही इंग्रजीतच दिलेला बरा. वाक्यरचनेची फिकीर करू नका. कोण, कुणाविरुद्ध, कुठलं कलम आणि काय घडलं या चार गोष्टी स्वच्छ असल्या की झालं. "त्याची गाडी सरळ पट्ट्यात फार पळते, सगळं तपासा" असं लिहिलेला अर्ज बहुधा सुनावणीआधीच निकालात निघतो. संशय असला तरी तो एका भागावर, एका मापावर आणून ठेवावा लागतो.

अर्ज स्ट्युअर्ड्सच्या अध्यक्षांना उद्देशून लिहायचा, पण द्यायचा क्लार्क ऑफ द कोर्सच्या किंवा त्याच्या सहायकाच्या हातात. ते जागेवर नसतील तर थेट स्ट्युअर्डकडे. मिळाल्याची वेळ आणि सही दुसऱ्या प्रतीवर घ्या. अनामतीची रक्कम एसआरमध्ये दिलेली असते. ती रोखीने पाकिटात घालून शनिवारीच वेगळी ठेवावी, कारण ट्रॅकवर नेटवर्क नसतं, एटीएम लांब असतं, आणि अनामतीशिवाय आलेला अर्ज अर्ज समजला जात नाही. प्रोटेस्ट मान्य झाला तर रक्कम परत मिळते, अंशतः मान्य झाला तर काही भाग मिळू शकतो. फेटाळला गेला किंवा तुम्हीच मागे घेतला तर गेली. वाईट हेतूने टाकला असं सिद्ध झालं तर वर शिक्षाही होऊ शकते.

या अर्ध्या तासातली पहिली पाच मिनिटं मात्र एका वेगळ्या कामाला द्या. टायमिंगवाल्याकडे किंवा क्लार्ककडे जाऊन विचारा. निकालातल्या कित्येक गडबडी नुसत्या टायपिंगच्या असतात: १:०२.४८ चं १:२०.४८ झालेलं, दुसऱ्याच्या नावावर पडलेला शंकू, ट्रान्सपाँडरने (गाडीवरच्या वेळ नोंदवणाऱ्या यंत्राने) न पकडलेला एक लॅप. अशी चौकशी फुकट असते आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. पाच मिनिटांत हललं नाही तर मात्र लिहायला बसा. "बघतो, थांब जरा" या शब्दावर थांबून मुदत गेली तर ती परत मिळत नाही.

इंजिन उघडायची वेळ येते तेव्हा

सगळ्यात तापणारा आणि सगळ्यात खर्चिक प्रोटेस्ट हाच, म्हणून एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. भारतीय ट्रॅकवर वर्षानुवर्षं धावलेली मारुती एस्टीम घ्या. इंजिन चार सिलिंडरचं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) ७५.५ मिलिमीटर. क्षमता काढायची तर ०.७८५४ गुणिले बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले सिलिंडरची संख्या. सेंटिमीटरमध्ये मांडलं की ०.७८५४ × ७.४ × ७.४ × ७.५५ × ४, उत्तर सुमारे १२९८.९ सीसी.

क्लासची मर्यादा १३०० असेल तर शिल्लक उरली जेमतेम एक सीसी. उलटं गणित केलं तर १३०० सीसीला बोअर ७४.०३ मिलिमीटर येतो. म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले तीन, एवढीच मोकळीक. त्यात ०.२५ मिलिमीटर ओव्हरसाइझ (मोठ्या मापाचे) पिस्टन टाकले की आकडा १३०७ च्या पुढे जातो. मिस्त्रीने झिजलेलं इंजिन नीट करायला रिबोअर केलं (सिलिंडर आतून कापून मोठे केले), त्याच्या मनात फसवणुकीचा विचारही नव्हता, तरी गाडी क्लासबाहेर गेली. याच कारणाने काही नियमावल्यांत झिजेसाठी किंवा पहिल्या ओव्हरसाइझसाठी वेगळी सवलत लिहिलेली असते. ती आहे की नाही हे प्रोटेस्ट टाकणाऱ्याने आधी वाचायला हवं, आणि गाडी बांधणाऱ्याने त्याच्याही आधी.

आता याहून बारीक गोष्ट. बीडाचा लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, तापला की फुगतो. ७४ मिलिमीटरचा लायनर खोलीच्या तापमानापेक्षा ६० अंशांनी गरम असेल तर त्याचा बोअर जवळपास ०.०५ मिलिमीटरने मोठा भरतो. मोकळीक होती ०.०३ ची. म्हणजे शर्यत संपताच गरमागरम इंजिन उघडून गेज घातलं तर नियमात असलेली गाडीसुद्धा अवैध ठरू शकते. म्हणून मोजमाप इंजिन थंड झाल्यावरच, आणि तोवर गाडी सील करून ठेवलेली. ही मागणी दोन्ही बाजूंनी करावी. बोअर गेज त्याच दिवशी मायक्रोमीटरवर शून्याला लावलेलं हवं. माप प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं दोन दिशांनी घेतात, कारण सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो आणि गोलही राहत नाही. स्ट्रोक पिस्टनच्या वरच्या आणि खालच्या टोकांमधलं अंतर मोजून मिळतो. हे सगळं हेड काढून होतं, क्रँक बाहेर काढायची गरज नसते. त्यामुळे अर्जात "संपूर्ण इंजिन खोला" असं न लिहिता "हेड काढून" एवढंच मागा. अनामतही तेवढीच कमी बसते.

ही अनामत नेहमीच्या रकमेवर जादाची असते. एसआरमध्ये ठरवलेली नसेल तर स्ट्युअर्ड्स ठरवतात. तिच्यात हेड आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट, इंजिन ऑइल, कूलंट, लागलाच तर नवा टायमिंग बेल्ट, आणि उघडून पुन्हा बांधायची मजुरी धरलेली असते. गाडी नियमात निघाली तर हा खर्च तुमच्या अनामतीतून समोरच्याला मिळतो. नियमाबाहेर निघाली तर बोजा त्याच्यावर. मला ही व्यवस्था रास्त वाटते. नुसत्या जळफळाटाने दुसऱ्याचं बांधलेलं इंजिन उघडायला लावणं स्वस्त असूच नये.

एक चुकीचा पुरावा वारंवार पुढे येतो, तो म्हणजे कॉम्प्रेशन गेजचा आकडा. बॅटरीची ताकद, थ्रॉटल किती उघडा होता, कॅमचं टायमिंग, इंजिनाचं तापमान यांनी तो बदलतो. त्यावरून क्षमता किंवा कॉम्प्रेशन रेशो सिद्ध होत नाही.

ज्याच्यावर प्रोटेस्ट झाला त्याने काय करावं? आधी हात मागे घ्यावा आणि गाडीला कुणाला हात लावू देऊ नये. सीलचे क्रमांक लिहून घ्यावेत. स्वतःच्या मेकॅनिकने स्क्रूटिनियरच्या देखरेखीखाली इंजिन खोलावं अशी मागणी करावी. ती सहसा मान्य होते. कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल आणि सुट्या भागांची बिलं सोबत असली की अर्धं काम होतं. आणि काहीही झालं तरी उघडायला नकार देऊ नये. नकार दिला की गाडी नियमात नव्हती असंच धरलं जातं, आणि तपासणीला अडथळा केल्याचा ठपका वेगळा.

वागणुकीचे प्रोटेस्ट आणि व्हिडिओ

धक्काबुक्कीवरचे प्रोटेस्ट जिंकायला कठीण असतात. दोन गाड्या एका वळणात शिरल्या आणि लागल्या, यात पुष्कळदा स्ट्युअर्ड्स दोघांपैकी कुणालाच दोषी धरत नाहीत. तुमचं म्हणणं टिकायचं तर ते एखाद्या लिखित अपेक्षेवर बसवा. जागा राखताना दिशा एकदाच बदलता येते. बचावासाठी रेसिंग लाइन (वळणातली सगळ्यात वेगवान वाट) सोडून पुन्हा तिच्याकडे परतताना, वळणाआधी ट्रॅकच्या कडेला किमान एका गाडीएवढी जागा ठेवायला हवी. ट्रॅकची हद्द म्हणजे पांढरी रेषा, कर्ब (कडेचे उंचवटे) तिच्या बाहेर. गाडीचा कुठलाच भाग ट्रॅकला टेकलेला नसेल तर ती बाहेर गेली. हलता पिवळा झेंडा म्हणजे वेग कमी आणि ओव्हरटेकिंग बंद, हिरवा दिसेपर्यंत. "त्याने मुद्दाम मारलं" यापेक्षा "तिसऱ्या आणि चौथ्या वळणादरम्यान त्याने दोनदा दिशा बदलली" हे सिद्ध करणं सोपं असतं.

गाडीतला कॅमेरा इथे सगळ्यात मोठा साक्षीदार, पण तो स्क्रूटिनीत मंजूर झालेल्या माउंटवर हवा. ग्रिडवर जाताना सक्शन कपने चिकटवलेला कॅमेरा पुराव्याआधी सुरक्षेचा गुन्हा ठरू शकतो. मूळ फाइल कार्डासकट न्या. कापलेली, संगीत घातलेली, व्हॉट्सअ‍ॅपवरून चेपलेली क्लिप पाहून समोरचा पहिला प्रश्न विचारतो की आधीचे दहा सेकंद कुठे गेले. लॅपटॉप चार्ज केलेला, नेमकी वेळ कागदावर टिपलेली, आणि त्या वळणावरच्या मार्शल पोस्टचा क्रमांक माहीत असेल तर स्ट्युअर्ड्स त्या पोस्टचा लेखी अहवाल मागवू शकतात. तो तुमच्या व्हिडिओशी जुळला की बोलायचं थोडंच उरतं.

सुनावणीला दोन्ही बाजूंना बोलावतात, साक्षीदार आणता येतात. आपल्याकडची नेहमीची अडचण अशी की रविवारी चारला झेंडा पडतो, सोमवारी पणजीत कामावर हजर व्हायचं असतं, आणि ट्रेलर पाचलाच हायवेला लागलेला असतो. सुनावणीला गैरहजर राहिलात तर निर्णय तुमच्या पाठीमागे होऊ शकतो. मुदत संपून निकाल अंतिम झाल्याशिवाय निघू नका. प्रोटेस्ट झालेल्या स्पर्धकाचं बक्षीस निर्णय होईपर्यंत रोखून ठेवतात, म्हणून त्यालाही थांबणं भागच असतं.

निर्णय ताकीद, दंड, वेळेची भर, क्रमांक खाली उतरवणं किंवा अपात्रता, यांपैकी काहीही असू शकतो. शर्यत पुन्हा घ्यायचा आदेश मात्र देता येत नाही. ती मागणी अर्जात लिहून जागा वाया घालवू नका.

निर्णय पटला नाही तर

अपील करायचं असेल तर निर्णय जाहीर झाल्यापासून १ तासाच्या आत तसा इरादा लेखी कळवावा लागतो, अपील फीसह. ही फी प्रोटेस्टच्या अनामतीपेक्षा बरीच मोठी असते. इरादा नोंदवला म्हणजे पुढे जायलाच हवं असं नाही. १२ डिसेंबर २०२१ ला अबू धाबीतल्या फॉर्म्युला वन शर्यतीनंतर मर्सिडीज संघाने दोन वेगळे प्रोटेस्ट टाकले, दोन्ही फेटाळले गेले, त्यांनी अपिलाचा इरादा नोंदवला आणि चार दिवसांत तो सोडून दिला. विचार करायला मिळालेला तो वेळ एका तासाच्या आतल्या चार ओळींमुळेच मिळाला होता. नंतर एखादा नवा, महत्त्वाचा पुरावा हाती आला आणि तो सुनावणीवेळी उपलब्धच नव्हता, तर फेरविचार मागायची वेगळी तरतूद आहे. आधीच खिशात असलेला पण दाखवायचा राहून गेलेला व्हिडिओ त्यात बसत नाही.

गोव्यात स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी

ऑटोक्रॉस किंवा रॅली स्प्रिंटच्या एसआरमध्ये काही ओळी वाढवल्या तर निम्मी भांडणं होतच नाहीत. शंकू "पडला" म्हणजे काय, हलला की आडवा झाला की आखलेल्या चौकटीबाहेर गेला, ते लिहा. आणि प्रत्येक शंकूभोवती चुन्याची चौकट आखा, कारण चिऱ्याच्या सड्यावर दहा गाड्या गेल्या की मूळ जागा ओळखू येत नाही. शंकू मोजणाऱ्यांना जज ऑफ फॅक्ट नेमणार असाल तर त्यांची नावं लावा. झिजेची सवलत आकड्यात द्या, आणि मोजमाप किती तापमानाला घेणार तेही. इंजिन उघडायची अनामत आधीच ठरवा; ती ऐनवेळी ठरली की आकडा माणूस बघून ठरला असा संशय राहतोच. निकाल लावणाऱ्याने कागदावर वेळ टाकून सही करावी. आणि पार्क फेर्मेला दोरी बांधून एक माणूस तिथे पूर्ण अर्धा तास उभा करा, बक्षीस समारंभाला उशीर होत असला तरी.